एकच इसम

मी, खाली सही करणार, लहू दामा नाखवा,
वय छप्पन्न, धंदा दस्तलेखन,
राहणार दिवाळे गाव, बेलापूर,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की
कोर्टाच्या फाटकासमोर माझं टेबल आहे,
एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या मतदारयादीची घडी.

की माझा चुलता बामा
खलाशी म्हणून मालाच्या बोटीवर चढला
आणि हल नावाच्या बंदरात
उतरला तो उतरलाच.
बोटीनं दोन भोंगे दिले म्हणे.
हा बर्फाच्या कारखान्यामागे बसून होता.
कागद नव्हता. नाव विचारलं तेव्हा
नाखवा म्हणाला, साहेबाला ऐकू आलं नॉक्स.
बामाचं बार्नी कुणी केलं, ते आम्हाला ठाऊक नाही.

त्याची लेक रोझलिन.
नऊ वर्षांची असताना आली होती एकदा.
चिखलात उतरली आणि कालवाच्या कडेनं टाच चिरली.
रडली नाही. बापाकरवी विचारलं, हा चिखल कुणाचा?
आम्ही म्हटलं, आमचा.
मोजणीवाले आदल्याच आठवड्यात खुंट्या ठोकून गेले होते,
ते तिला कसं सांगायचं,
आणि कुठल्या भाषेत.

पुढे ती बॅरिस्टर झाली. फोटो आला,
डोक्यावर घोड्याच्या केसांचा टोप.
माझी आई म्हणाली, पोरीचे केस एवढ्यात पिकले कसे?

बारा वर्षं तिनं खटले चालवले
मासळीच्या ट्रकांतून, खोक्यांमागून निघालेल्या माणसांचे,
ज्यांचं नाव साहेबाला भलतंच ऐकू येतं
अशा माणसांचे.
सुटलेल्या एकानं तिला मासे सोलायची सुरी दिली.
ती तिच्या टेबलावर असते, पाकिटं फोडायला.

मग निवडणूक. पहिल्या खेपेला पडली,
एकशे एकोणीस मतांनी.
दुसऱ्या खेपेला आली, आणि आम्ही जेट्टीवर फलक लावला:
गावची लेक, विलायतेची खासदार.
फलकावर तिच्याहून मोठं तोंड नगरसेवकाचं.
तिघंचौघं माझ्याकडे फायली घेऊन आले,
साडेबारा टक्क्यांचा भूखंड अडकलाय,
तिला सांग ना, एक फोन टाकायला.

तिथे मत द्यायला हात वर करत नाहीत.
दोन दारं असतात, होकाराचं एक, नकाराचं एक.
ज्यातून चालत जाल ते तुमचं मत.
कायदा होता
कागद नसलेल्यांना आल्या वाटेनं परत धाडायचा.
दारं दाखवत नाहीत. नंतर यादी येते नावांची.
पोरानं मोबाइलवर वाचून दाखवली:
नॉक्स, रोझलिन. होकार.
मला उगाच वाटलं,
दाराशी ती जराशी लंगडली असेल.

चुलता गेला त्या सालच्या माघात ती आली.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसली,
शब्द जपून ठेवत म्हणाली,
लहूदादा, कागद पाहिजे.
मृत्यूच्या दाखल्यावर बार्नी, गावच्या उताऱ्यावर बामा.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
आमच्या धंद्यात विचारायचं नसतं.

लिहिलं, झोपेतही येतं ते:
बामा नाखवा आणि बार्नी नॉक्स
ही दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत.
वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा.
पुन्हा वाचलं. एकाच इसमाची.
हे सिद्ध कसं करतात इथे?
एवढी बॅरिस्टर, आणि मला विचारते.
म्हटलं, सिद्ध नाही करत. शपथ घेतात.
खोटं निघालं तर शिक्षा
शपथ घेणाऱ्याला.

पेन टेकवून थांबली.
भरती होती, खाडीचा वास फाटकापर्यंत आलेला.
मग सही केली, आडनाव वाचता येऊ नये अशी.
शिक्क्याला शाई कमी होती,
गोल अर्धाच उमटला.

पैसे घेणार नव्हतो. तिनं दिले, दोनशे,
आणि पावती मागितली.

पावतीवर नाव कुठलं घालू,
मी विचारलं.